शिशाच्या धुळीचा माग काढणारी डॉक्टर

ग्रीक पुराणकथा इंग्रजीतून वाचायच्या ठरवल्या की एडिथ हॅमिल्टन यांचं पुस्तक हाती येतंच. १९४२ साली आलेलं त्यांचं ‘मायथॉलॉजी’ आजही साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतं. एडिथबाईंची माहिती वाचता वाचता मला त्यांची धाकटी बहीण भेटली, डॉ. ॲलिस हॅमिल्टन. एडिथबाई साहित्याच्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असतात. ॲलिसचं नाव मात्र आपल्या वर्गात कुणी घेत नाही. थोरलीने देवादिकांच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. धाकटीने एका जुन्या धातूचा आयुष्यभर पाठलाग केला. तो धातू म्हणजे शिसं.

आज एखाद्या दोन वर्षांच्या मुलाच्या रक्तात शिसं सापडलं, तर जाणता डॉक्टर सगळ्यात आधी औषध लिहीत नाही. तो विचारतो, हे आलं कुठून? घर किती जुनं आहे, भिंतीचे पोपडे निघतात का, वडील काय काम करतात, कामाचे कपडे घरात धुतले जातात का? डॉक्टरने दवाखान्याबाहेर पडून विषाचा उगम शोधायचा, ही रीत अमेरिकेत ज्यांनी रुजवली त्यांत ॲलिसचं नाव फार वरचं आहे. म्हणून त्यांचं चरित्र इथे मांडावंसं वाटलं.

ॲलिसचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कमधला. वाढली मात्र इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी, आजीच्या मोठ्या वाड्यात आणि चुलत भावंडांच्या गोतावळ्यात. वडिलांना शाळेतला अभ्यासक्रम पसंत नव्हता, त्यामुळे मुलींचं शिक्षण घरीच झालं. भाषा आणि साहित्य भरपूर, गणित जवळजवळ नाहीच. पुढे वडिलांचा धंदा बुडाला आणि मुलींनी आपापल्या पायावर उभं राहायचं हे नक्की झालं. ॲलिसने डॉक्टरकी निवडली. त्यामागचं तिचं कारण मला फार आवडतं. तिला विज्ञानाची ओढ होती म्हणून नव्हे, तर डॉक्टर झालं की कुठेही जाता येईल, दूरच्या देशात किंवा शहराच्या झोपडपट्टीत, आणि जिथे जाऊ तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडता येईल, असा तिचा हिशेब होता. आधी विज्ञानाची शिकवणी लावून तिने तयारी केली आणि १८९३ साली मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली.

१८९५ मध्ये दोघी बहिणी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेल्या. तिथल्या विद्यापीठांत तेव्हा बायकांना रीतसर प्रवेश नव्हता. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने बसून व्याख्यानं ऐकायची, इतकीच मुभा. ॲलिस रोगजंतू आणि विकृतिशास्त्र शिकून परत आल्या. १८९७ साली शिकागोला बायकांच्या एका वैद्यकीय शाळेत त्यांना विकृतिशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. पगाराची नोकरी झाली. पण त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं ते राहायला निवडलेल्या जागेमुळे.

ती जागा म्हणजे हल हाउस. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत हे घर उघडलं होतं. शिकलेल्या माणसांनी वस्तीतच राहायचं, शेजाऱ्यांना शेजारी म्हणून ओळखायचं, ही त्यामागची कल्पना. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, पोलिश, रशियन ज्यू अशी नुकतीच बोटीतून उतरलेली कुटुंबं. ॲलिस इथे बावीस वर्षं राहिल्या. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी वस्ती. त्यांनी इथे तान्ह्या मुलांचा दवाखाना चालवला. मुलांना स्वतः आंघोळ घालायच्या, आयांशी बोलत बसायच्या. बाळं न्हाऊ घालता घालता घराघरातली दुखणी कानावर यायची. कुणाचा नवरा कारखान्यातून आल्यापासून पोटाच्या कळांनी लोळतोय, कुणाचा हात उचलत नाही. हे सगळं कुठल्याच वैद्यकीय पुस्तकात एका जागी लिहिलेलं नव्हतं.

१९०२ साली शिकागोत टायफॉइडची मोठी साथ आली. हल हाउसच्या आसपास ती जास्तच होती. ॲलिस यांनी उघड्या संडासांवरच्या माश्या पकडून तपासल्या, त्यांत टायफॉइडचे जंतू सापडले, आणि माश्यांमुळे रोग पसरतो असा लेख त्यांनी प्रसिद्ध केला. खूप वाहवा झाली. पुढे उघड झालं की पाण्याची नळवाहिनी फुटून तीन दिवस गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं आणि आरोग्य खात्याने ती गोष्ट दाबून ठेवली होती. ॲलिस यांनी हे स्वतःच्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे. मला वाटतं त्यांच्या पुढच्या कामाची शिस्त इथून आली. नुसतं प्रयोगशाळेतलं उत्तर बरोबर असून भागत नाही, गल्लीत काय घडलं तेही माहीत असावं लागतं. आणि सरकारी खातं काही नाही म्हणालं, तर स्वतः जाऊन पाहावं लागतं.

त्याच सुमारास थॉमस ऑलिव्हर या इंग्रज डॉक्टरचं धोक्याच्या धंद्यांवरचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. युरोपात कारखान्यांतल्या विषबाधेवर कायदे होते, तपासणी होती. अमेरिकेत जवळजवळ काहीच नव्हतं. आमचे कारखाने युरोपपेक्षा स्वच्छ, आमचे कामगार जास्त सुखी, अशी तिथे सर्वांची समजूत. कुणी शोधलंच नव्हतं, त्यामुळे काही सापडलंही नव्हतं. १९१० साली इलिनॉय राज्याने धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांचा सर्व्हे करायचं ठरवलं आणि ॲलिस यांच्याकडे ते काम सोपवलं. शिसं त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

काम कसं करायचं हे सांगायला कुणी नव्हतं. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकारही नव्हता. मालकाला विनंती करायची, तो हो म्हणाला तर आत जायचं. मालक म्हणायचा सगळं ठीक आहे. कारखान्याचा डॉक्टरही तेच म्हणायचा, कारण तो मालकाचाच माणूस. मग ॲलिस हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदी चाळत बसल्या. औषधाच्या दुकानदारांना भेटल्या, कारण पोटाच्या कळांवर औषध घ्यायला कामगार तिथेच यायचे. मयताची व्यवस्था करणाऱ्यांना भेटल्या, घरोघर जाणाऱ्या नर्सना भेटल्या, कामगार पुढाऱ्यांना भेटल्या. आणि पोलिश, इटालियन वस्तीतल्या फादरांनाही भेटल्या. हे वाचताना मी जरा थांबले. पॅरिशमध्ये कुणाच्या घरी चूल पेटत नाही, कोण आजारी आहे, हे फादरांना आधी कळतं. कारखान्याच्या वहीत जे नव्हतं ते चर्चच्या दाराशी सापडत होतं.

त्यांच्या नोंदींमधली माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एक छत्तीस वर्षांचा हंगेरियन, सात वर्षं रंगासाठी शिसं दळत होता. हॉस्पिटलात पडलेला, वयाच्या दुप्पट म्हातारा दिसणारा, स्नायू झिजून गेलेले. एक पोलिश मजूर, सफेत्याच्या कारखान्यात जेमतेम तीन आठवडे धुळीत काम केलं आणि दोन्ही मनगटं लुळी पडली.

बाथटबची गोष्ट तर डिटेक्टिव्ह कथेसारखी आहे. मनगटं लुळी पडलेला एक पोलिश कामगार सांगत होता की तो बाथटबला एनॅमल लावायचा. ॲलिस त्या कंपनीत गेल्या. मालकांनी सांगितलं की आम्ही शिसं वापरतच नाही, हवं तर बघा. आत काही रंगारी टबला रंग देत होते. तो रंग बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत जाऊन त्यांनी चौकशी केली. खरंच त्यात शिसं नव्हतं. दुसरा कुणी असता तर इथे फाईल बंद झाली असती. ॲलिस पुन्हा त्या कामगाराच्या घरी गेल्या. तेव्हा कळलं की त्यांना दाखवली ती जागा फक्त शेवटचा हात फिरवायची. खरं एनॅमलचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला चालायचं. तिथे लालबुंद तापलेल्या टबवर एनॅमलची बारीक पूड शिंपडायचे आणि सगळी हवा त्या धुळीने भरून जायची. ॲलिस यांनी ती पूड तपासायला दिली. तिच्यात विरघळणारं शिसं २० टक्के निघालं. ते शिशाचा लाल ऑक्साइड म्हणून मिसळलेलं असायचं. आपल्याकडे त्यालाच शेंदूर म्हणतात.

अशा रीतीने त्यांनी शिशाशी संबंध येणारी सत्तरच्या वर कामं शोधून काढली आणि शेकडो रुग्णांची नोंद नावानिशी केली. तोपर्यंत डॉक्टरांची समजूत अशी की शिसं पोटात जातं ते कामगार हात न धुता जेवतात म्हणून. म्हणजे चूक कामगाराची. ॲलिस यांनी दाखवून दिलं की मुख्य दोष हवेतल्या धुळीचा आणि धुराचा आहे. धूळ मालकाने आवरायची असते, कामगाराच्या साबणाने ती आवरत नाही. १९११ मध्ये इलिनॉयने यावर कायदा केला. त्याच वर्षापासून केंद्र सरकारच्या कामगार खात्यासाठी त्या देशभर हेच काम करू लागल्या, तेही आपल्या अटीवर. पगार ठरवायचा नाही, काम करायला मोकळीक द्यायची आणि अहवाल तयार झाला की तो खात्याने विकत घ्यायचा.

त्यांच्या हातात दंडुका नव्हता, होती फक्त नोंदवही. नॅशनल लेड ही सफेता बनवणारी तिथली मोठी कंपनी. तिचे एडवर्ड कॉर्निश यांना त्यांनी सरळ सांगितलं की तुमच्या माणसांना विषबाधा होते आहे. त्यांना ते खरं वाटेना. सिद्ध करून दाखवलंत तर सांगाल ते करीन, असं त्यांनी कबूल केलं. ॲलिस हॉस्पिटलांच्या नोंदींतून बावीस गंभीर रुग्णांची माहिती घेऊन परत आल्या. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली, डॉक्टर नेमले. ॲलिस यांना हा अनुभव फार मोलाचा वाटायचा. माणसासमोर नीट पुरावा ठेवला तर तो बदलतो, यावर त्यांची श्रद्धा होती.

पण मला या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कारखान्यातली धूळ कमी झाली तरी सफेत्याचे डबे गेटबाहेर पडतच होते. ते लागत होते घरांच्या भिंतींना, खिडक्यांना, पाळण्यांना. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या जे. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं की व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगाची भुकटी मुलांच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या दोन डॉक्टरांनी पाळण्याचा रंग कुरतडून दगावलेल्या मुलाची हकिकत छापली. १९२१ साली जिनिव्हात घराच्या आतल्या रंगातून सफेता हद्दपार करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिका त्यात आली नाही. त्याच दशकात नॅशनल लेड आपल्या सफेत्याची जाहिरात करायची ती हातात ब्रश घेतलेल्या एका गोंडस मुलाच्या चित्राने, आणि मुलांसाठी रंगवायची पुस्तकंही वाटायची. कामगाराला वाचवणारी कंपनी आणि मुलाच्या खोलीत विष पाठवणारी कंपनी एकच होती.

मुलांचा प्रश्न ॲलिस यांच्या नजरेतून सुटला नव्हता. शिशाच्या धंद्यांतल्या बायकांवरचा त्यांचा सरकारी अहवाल १९१९ मध्ये निघाला. शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातं, गर्भपात होतात, जन्मलेली मुलं अशक्त निघतात, हे त्यात मांडलेलं आहे. बायकांना संरक्षण देणारे कायदे टिकावेत म्हणून त्यांनी स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला बरीच वर्षं विरोध केला आणि १९५२ मध्ये तो मागे घेतला. या भूमिकेवर आज आपण वाद घालू शकतो. पण ती आली होती गरोदर कामगार बायकांना जवळून पाहिल्यामुळे.

१९१९ मध्येच हार्वर्डने त्यांना बोलावलं. औद्योगिक आरोग्य हा विषय शिकवायला त्यांच्या तोडीचं देशात दुसरं कुणी नव्हतं. हार्वर्डच्या अध्यापकवर्गात आलेल्या त्या पहिल्या स्त्री. अटी मात्र वाचून हसावं की रडावं कळत नाही. हार्वर्ड क्लबमध्ये पाय ठेवायचा नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत. त्यांनी अटी मान्य केल्या आणि आपली अटही घातली, वर्षातला अर्धाच काळ शिकवीन, उरलेला फिरतीवर. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही त्या सहायक प्राध्यापकच होत्या. बढती एकदाही मिळाली नाही.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई १९२५ ची, आणि ती त्या हरल्या. मोटारीच्या इंजिनाची खडखड थांबावी म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालायची युक्ती निघाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवणाऱ्या ठिकाणी पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, कितीतरी हॉस्पिटलात गेले. गदारोळ झाला. काही शहरांनी या पेट्रोलवर बंदी घातली. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला सरकारने सगळ्यांना चर्चेला बोलावलं. एका बाजूला तेल कंपन्या आणि मोटार कंपन्या. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने तर या रसायनाला देवाची देणगी म्हटलं. दुसऱ्या बाजूला ॲलिस हॅमिल्टन, येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि मोजके लोक. ॲलिस यांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यात चार भिंती असतात, मालक असतो, देखरेख करता येते, तरी तिथे विषबाधा पूर्ण थांबत नाही. रस्त्याला भिंती कुठे आहेत? प्रत्येक मोटारीच्या मागून निघणारी शिशाची धूळ कोण आवरणार? दुसरा पर्याय शोधा, असा त्यांचा आग्रह होता.

कंपन्यांचं म्हणणं, आधी नुकसान सिद्ध करा. सरकारी समितीने थोड्या महिन्यांत काही ड्रायव्हर आणि गॅरेजमधली माणसं तपासली आणि १९२६ च्या सुरुवातीला कळवलं की बंदी घालायला पुरेसं कारण दिसत नाही. पुढे सरकारी पैशाने अभ्यास चालू ठेवावा असंही समितीने सुचवलं होतं. ते झालं नाही. पुढची चाळीस वर्षं या विषयावरचं बहुतेक संशोधन कंपन्यांच्या पैशावर चाललं, आणि त्यांचे शास्त्रज्ञ रॉबर्ट केहो सांगत राहिले की माणसाच्या शरीरात थोडं शिसं असणं नैसर्गिकच आहे.

१९४३ साली ॲलिस यांचं आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये बायर्स आणि लॉर्ड यांनी एक लेख छापला. शिशाच्या विषबाधेतून बरी झाली असं समजून घरी पाठवलेली वीस मुलं त्यांनी काही वर्षांनी शोधून काढली. त्यांतली एकोणीस शाळेत मागे पडली होती. कुणाला लक्ष देता येत नव्हतं, कुणी हट्टी, चिडखोर झालं होतं. म्हणजे उलटी थांबली, पोटातली कळ गेली, तरी शिसं मेंदूत आपलं काम करून गेलं होतं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. म्हणून ते हाडांत साठतं आणि वाढत्या मेंदूत जिथे कॅल्शियमने निरोप पोचवायचा असतो तिथे आडवं येतं. पोटात गेलेल्या शिशातला जितका भाग मोठ्या माणसाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या रक्तात उतरतो. मूल रांगतं, बोटं चोखतं, आणि त्याला लोह कमी पडत असेल तर आणखीच शोषतं. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध अजूनही नाही.

निवृत्तीनंतर ॲलिस कनेटिकट राज्यातल्या हॅडलाइम गावी नदीकाठच्या घरात बहीण मार्गारेटसोबत राहिल्या. गप्प मात्र बसल्या नाहीत. नव्वदी ओलांडल्यावरही व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या पत्रावर त्यांची सही आहे. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. तीन महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा मोठा कायदा झाला आणि जानेवारी १९७१ मध्ये घरातल्या शिशाच्या रंगापासून मुलांना वाचवणारा पहिला केंद्रीय कायदा. १९७८ मध्ये घरगुती रंगातून शिसं गेलं. पेट्रोलमधून ते हळूहळू कमी होत १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात प्रत्येक डेसिलिटरमागे सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं. आज ते एकच्याही खाली आहे. १९२५ मध्ये ॲलिस यांचं ऐकलं असतं तर मधल्या दोन-तीन पिढ्यांतली मुलं वाचली असती, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसतं.

धोक्याची रेषाही खाली सरकत आली. १९६० च्या दशकात तिथे ६० पर्यंत चालतं असं मानायचे. १९८५ मध्ये २५ झाली, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ पासून ३.५. मुलं पूर्वीसारखीच आहेत. आपल्याला कळायला उशीर झाला इतकंच. आता जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की सुरक्षित असं प्रमाणच नाही, आणि ५ किंवा त्याहून जास्त निघालं तर उगम शोधून तो तोडा.

उपचार म्हणजे काय, तर बहुतेक मुलांच्या बाबतीत ॲलिस यांचीच रीत. बोटातून काढलेल्या रक्तात आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करायची, कारण बोटावरची धूळही आकडा वाढवते. मग घर पाहायचं. पोपडे निघालेल्या भिंतीपासून मुलाला लांब ठेवायचं, पण रंग कोरडा खरवडायचा नाही, त्याने धूळ उलट वाढते. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. जेवणाआधी हात आणि खेळणी धुवायची. बॅटरी, रंग, भंगार यांत काम करणाऱ्या वडिलांनी कपडे-चपला बाहेर ठेवून, आंघोळ करूनच मुलाला घ्यायचं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर ते द्यायचं, आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आकडा ४५ किंवा त्यावर गेला तरच शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. आणि तेव्हाही मूल त्याच धुळीत परत गेलं तर उपयोग शून्य. फिट्स येत असतील, मूल गुंगीत असेल, तर आकड्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

हे सगळं लांबच्या शिकागोचं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, ही २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणजे त्याआधीच्या भिंती, दारं, खिडक्यांचे गज अजून उभेच आहेत. २०२० मध्ये युनिसेफच्या अहवालाने अंदाज दिला की जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ पेक्षा जास्त शिसं आहे आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतात आहेत. उगमही आपल्या ओळखीचे: वस्तीत उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, कल्हईच्या कथलात मिसळलेलं शिसं, पिवळी दिसावी म्हणून हळदीत घातलेला लेड क्रोमेट, शेंदूर, काही सुरमे. यांतलं एकही मुलाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. कमी प्रमाणात शिसं असलं तर काही लक्षण नसतंच. घरातले म्हणतात पोरगं अभ्यासात कच्चं आहे, मास्तर म्हणतात ऐकत नाही. रक्त तपासावं असं कुणाच्या मनात येत नाही.

ॲलिस यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. मालकांच्या सज्जनपणावर त्यांनी जरा जास्तच विश्वास टाकला असं वाटतं. कॉर्निश सुधारले, पण पेट्रोलवाले सुधारले नाहीत. मात्र १९२५ मध्ये त्यांनी जो मुद्दा लावून धरला तो आजही सुटलेला नाही. नवं रसायन बाजारात आणताना ते सुरक्षित आहे हे आणणाऱ्याने दाखवायचं, की ते घातक आहे हे मुलांनी आपल्या रक्ताने दाखवायचं? त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. आणि ते मिळवायला त्या कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या नव्हत्या. आजारी माणसाच्या घरी दुसऱ्यांदा गेल्या होत्या.